स्पीकरच्या पायाखाली काय? टोकं, स्प्रिंग आणि जमिनीशी चाललेलं जुनं भांडण

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना मध्येच बोगदा आला आणि नेटवर्क गेलं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी खास.

आजचा प्रश्न साधा आहे. घरातल्या स्पीकरच्या खाली काय ठेवायचं? शोधायला गेलात तर दोन सल्ले मिळतील आणि दोन्ही छातीठोकपणे दिलेले असतील. एक म्हणतो, खाली धातूची अणकुचीदार टोकं लावा, स्पीकर जमिनीला घट्ट धरून ठेवा. दुसरा म्हणतो, रबर किंवा स्प्रिंग लावा, स्पीकर जमिनीपासून सोडवा. आता घट्ट धरा आणि सोडवा, हे दोन्ही एकाच वेळी बरोबर कसं असेल?

गंमत म्हणजे दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर होते. फक्त ज्या घरांसाठी, ज्या यंत्रांसाठी ते जन्माला आले, ती घरं आणि ती यंत्रं आपल्यापर्यंत आली नाहीत. नुसता सल्ला आला. आजची गोष्ट त्या मागे राहिलेल्या जमिनीची आहे. ती कळली नाही तर पैसे चुकीच्या वस्तूवर जातात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बेल वाजवायच्या त्या वाजवतातच.

मुळात हलतं काय?

आधी थोडं शाळेतलं. न्यूटनचा तिसरा नियम. स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा डबा मागे ढकलला जातो. बंदूक आणि खांद्यासारखं.

किती मागे? समजा, पडदा आणि त्याची कॉइल मिळून १५ ग्रॅम आणि डबा ६ किलोचा. म्हणजे डबा पडद्याच्या ४०० पट जड. पडदा ५ मिलिमीटर हलला तर मोकळा लटकवलेला डबा त्याच्या चारशेवा भाग हलेल, म्हणजे साधारण १२ मायक्रॉन. माणसाचा केस याच्या काही पट जाड असतो. डोळ्याला हे दिसणार नाही. पण ही हालचाल सेकंदाला ४०-५० वेळा होते आणि डबा ज्यावर ठेवलाय त्याला ती ढकलत राहते.

मग १२ मायक्रॉनने कुणाचं काय बिघडतं? हे ठरतं दुसऱ्या टोकाला कोण बसलंय त्यावर. टेबलाची पातळ फळी असेल तर ती स्वतःच वाजायला लागते. शाळेत ट्यूनिंग फोर्क टेबलाला टेकवल्यावर आवाज मोठा व्हायचा ना, तसंच. आणि दुसऱ्या टोकाला रेकॉर्ड प्लेअरची सुई असेल, तर मग विचारूच नका.

स्पीकरच्याही आधी: पॉट्सडॅमचा फुटपाथ

जमिनीच्या थरथरीशी भांडण स्पीकरपेक्षा जुनं आहे. १८८१ मध्ये अल्बर्ट मायकेलसन हा तरुण अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जर्मनीत प्रकाशावर प्रयोग करत होता. त्याचं उपकरण प्रकाशलहरीच्या लांबीइतका फरक पकडायचं, म्हणजे मायक्रॉनच्याही आतला. बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या रहदारीने ते इतकं हलायचं की रात्रीसुद्धा काम होईना. म्हणून त्याने उपकरण शहराबाहेर पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेलं. तिथेही त्याने नोंदवून ठेवलंय, की सुमारे १०० मीटरवर फुटपाथवर कुणी पाय आपटला तरी समोरची प्रकाशपट्ट्यांची रांग पार नाहीशी व्हायची.

सहा वर्षांनी, १८८७ मध्ये, क्लीव्हलँडला एडवर्ड मॉर्लेबरोबर त्याने हाच प्रयोग पुन्हा केला. या वेळी उपकरण बसवलं एका जाड दगडी फरशीवर, सुमारे दीड मीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड. आणि ती फरशी पाऱ्यावर तरंगत ठेवली. त्यामुळे ती अलगद फिरवता यायची, आणि थरथरही पोचेनाशी झाली.

ही युक्ती लक्षात ठेवा: जड वस्तू, आणि तिच्याखाली मऊ आधार. पुढे जे जे येईल ते याचंच रूप आहे. आपल्या स्वयंपाकघरातही ती आहेच. खलबत्त्यात वेलदोडे कुटताना खाली घडी केलेलं फडकं ठेवतात. जड खलबत्ता, मऊ फडकं. पाऱ्यापेक्षा खूपच स्वस्त.

बास वाढला आणि सुई घाबरली

आता स्पीकरकडे येऊ. आज आपण वापरतो तसा कॉइल आणि शंकूच्या पडद्याचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये शोधनिबंधातून मांडला. पण पुढची बरीच वर्षं घरातल्या स्पीकरमधून खरा खोल बास यायचा नाही. हवा असेल तर फ्रिजएवढा डबा लागायचा.

१९५४ मध्ये हे बदललं, आणि बदलणारा माणूस होता एडगर विल्चर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असताना तो इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करायला शिकला होता. नंतर न्यूयॉर्कमध्ये ध्वनिशास्त्र शिकवायचा. त्याची कल्पना अशी: पडद्याला मागे खेचणारी कडक स्प्रिंग काढून टाकायची, आणि बंद डब्यातली हवाच स्प्रिंग म्हणून वापरायची. पहिल्या नमुन्यासाठी पडद्याची कडा मऊ हवी होती. ती गादीच्या खोळीच्या कापडातून बेतून दिली त्याच्या बायकोने, रोझमेरीने. मग हेन्री क्लॉस या विद्यार्थ्याला सोबत घेऊन केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे अकूस्टिक रिसर्च नावाची कंपनी निघाली आणि एआर-१ हा स्पीकर बाजारात आला. पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढा डबा, आणि त्यातून खोल बास.

आता या घरात रेकॉर्ड प्लेअर ठेवा. सुई खाचेतले चढउतार वाचते, आणि त्यातले बारीक तपशील एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. स्पीकर जमीन हलवतो, जमीन टेबल हलवते, टेबल सुई हलवतं. सुईला वाटतं हेसुद्धा गाणंच आहे. ते ॲम्प्लिफायरमधून पुन्हा स्पीकरकडे जातं, जमीन आणखी हलते, आणि चक्र सुरू. कार्यक्रमात माइक स्पीकरसमोर गेला की जी किंकाळी ऐकू येते, तिचाच हा मोठा भाऊ. फक्त हा किंचाळत नाही, हंबरतो.

त्यात १९५८ मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात आल्या. तोवरच्या मोनो एलपीची सुई फक्त आडवी हालचाल वाचायची. दोन आवाज एकाच खाचेत बसवायचे म्हणून स्टिरिओ सुईला उभी हालचालही वाचावी लागली. आणि जमीन हलते ती मुख्यतः वर-खाली. म्हणजे १९५४ ला हलवणारा ताकदवान झाला, आणि १९५८ ला ऐकणारा नेमका त्याच दिशेला हळवा झाला.

यावरचा उपायही विल्चरनेच काढला, १९६१ मध्ये. त्याच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये फिरणारी तबकडी आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच टी आकाराच्या धातूच्या चौकटीवर पक्के बसवले, आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तोलली. मोटर वेगळी, बाहेरच्या पत्र्यावर. दोघांत दुवा फक्त एका रबरी पट्ट्याचा. जमीन हलली तरी सुई आणि रेकॉर्ड मिळून एकत्र हलतात, म्हणजे एकमेकांच्या हिशेबात स्थिरच. मायकेलसनची तरंगती फरशी, पण ५८ डॉलरमध्ये.

ही रचना इतकी चालली की युरोपात थोरेन्सने तीच वाट धरली. स्कॉटलंडच्या ग्लासगोमधून लिन कंपनीचा सोंडेक एलपी१२ १९७० च्या दशकात निघाला, तोही स्प्रिंगांवर तोललेला. तो आजही बनतो.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. या पहिल्या अंकात स्प्रिंग लागली ती सुईच्या बाजूला. स्पीकरच्या पायाकडे अजून फारसं कुणी बघितलेलंच नाही.

टोकं आली गालिच्यातून

दुसरा अंक ब्रिटनमध्ये, १९७० चं दशक संपता संपता आणि पुढे १९८० च्या दशकात. स्पीकरच्या स्टँडला खाली टोकदार खिळे लावायची पद्धत तिथे रुळली, आणि तिथूनच जगभर गेली.

पण ती घरं कशी होती ते बघा. जुन्या ब्रिटिश चाळवजा घरांमध्ये, ज्यांना तिकडे टेरेस म्हणतात, जमीन म्हणजे लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्या. खाली पोकळी. वर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा, त्याच्या खाली आणखी एक मऊ थर. या गादीवर उंच, अरुंद स्टँड ठेवला तर तो डुलतो. कुणी बाजूने चाललं तरी डुलतो. टोक गालिचा भेदून थेट फळीत रुततं आणि स्टँड स्थिर होतो. एवढं साधं आणि खरं कारण.

फळीत रुतल्यामुळे थरथर फळीत जाणार नाही का? जाणारच! म्हणून तर ब्रिटिश शौकिनांमध्ये दुसरी पद्धत होती: रेकॉर्ड प्लेअर जमिनीवरच्या टेबलावर ठेवायचाच नाही, भिंतीला ब्रॅकेट ठोकून त्यावर ठेवायचा. अशा लाकडी जमिनीची स्वतःची थरथर बऱ्याचदा १०-२० हर्ट्झच्या आसपास असते, आणि सुईचा दांडा साधारण ८ ते १२ हर्ट्झला सर्वात हळवा. कुणी खोलीतून चालत गेलं तरी सुई उडायची. भिंत मात्र विटांची, ती कशाला हलते?

म्हणजे सल्ला जोडीने होता. स्पीकरला टोकं आणि सुईला भिंत. आपल्यापर्यंत येईपर्यंत भिंत गळाली आणि टोकं उरली.

वर टोकांना एक दंतकथा चिकटली. टोक म्हणजे ‘मेकॅनिकल डायोड’, थरथर स्पीकरमधून खाली जाऊ देतं पण खालून वर येऊ देत नाही, असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ऐकायला भारी वाटतं, पण तसं काही नसतं. दोन कडक वस्तू एकमेकींना टेकल्या की जोर दोन्ही बाजूंना सारखाच जातो. टोक एकच काम करतं: वजन छोट्या ठिपक्यावर आणून पकड घट्ट करतं.

जोर उगमालाच मारायचा

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात जमिनीशी भांडणच नाही. पडदा पुढे गेल्यामुळे डबा मागे जातो ना? मग दुसरा तसाच पडदा पाठीला पाठ लावून बसवा आणि दोघांना एकाच वेळी विरुद्ध दिशांना ढकला. डब्याला दोन्हीकडून सारखाच धक्का. बेरीज शून्य. दोन तगडे पैलवान सारख्याच जोराने एकमेकांना रेटतायत, आणि आखाड्यात कुणीच सरकत नाही.

ब्रिटनच्या केईएफ कंपनीने १९८४ मध्ये १०४/२ या मॉडेलमध्ये बासचे दोन पडदे समोरासमोर बसवले आणि त्यांना धातूच्या दांड्याने एकमेकांशी जोडलं. २०१२ च्या सोनॉसच्या सबवूफरमध्ये दोन पडदे एकमेकांकडे तोंड करून असेच बसलेत. आणि २०१९ च्या १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये ॲपलने हीच कल्पना बोटभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये घातली. लॅपटॉपमध्ये तिची गरज जास्तच, कारण तिथे स्पीकरचा डबा म्हणजे तुमच्या बोटांखालचा कीबोर्ड!

आता आपली जमीन

चला, आपल्या घरात येऊ. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पायाखाली आरसीसी स्लॅब, बहुतेकदा १२५ ते १५० मिलिमीटर जाड. काँक्रीट घनमीटरला सुमारे २,५०० किलो. म्हणजे १० बाय १२ फुटांच्या खोलीचा १२५ मिलिमीटरचा स्लॅब जवळजवळ साडेतीन टनांचा. वर गालिचा नाही, गुळगुळीत टाइल्स. ६ किलोच्या स्पीकरने साडेतीन टन हलवणं म्हणजे मुंगीने मेरुपर्वत हलवण्यासारखं. टोकांनी भेदायला गालिचा नाही, रुतायला फळी नाही. टाइलवर ओरखडे मात्र हमखास.

अपवाद आहेत. पुण्यातले जुने वाडे, गिरगावातल्या जुन्या चाळी, कोकणातली माळ्याची घरं. तिथे लाकडी तुळया आणि फळ्या आहेत, तिथे वरच्या मजल्यावर ब्रिटिश घरासारखीच जमीन आहे. अशा घरात कुणी आजोबांच्या रेकॉर्ड्स पुन्हा लावत असेल, तर स्प्रिंग आणि भिंतीवरचं शेल्फ हा विचार अजूनही तितकाच खरा.

पण बाकीच्यांचं काय? आपण फोनवरून गाणी लावतो. सुईच नाही, त्यामुळे ते हंबरणारं चक्रही नाही. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हाच ते तुटलं. मग दुसऱ्या टोकाला उरतं कोण? दोनच जण. एक, स्पीकर ठेवलेलं टेबल किंवा कपाट. दोन, शेजारी.

टेबलासाठी मऊ आधार खरंच उपयोगी पडतो, पण तो किती मऊ हवा याचं एक सोपं गणित आहे. स्पीकर ठेवल्यावर आधार किती दबतो ते मिलिमीटरमध्ये मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. येणारा आकडा म्हणजे त्या आधाराची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. १ मिलिमीटर दबला तर १६ हर्ट्झ. १० मिलिमीटर दबला तर ५ हर्ट्झ. थरथर अडायला सुरुवात होते ती या आकड्याच्या साधारण १.४ पट वर गेल्यावर. त्या आकड्याच्या आसपास मात्र थरथर कमी होत नाही, उलट वाढते.

आता गंमत बघा. कडक रबराचं बटण स्पीकरखाली जेमतेम ०.१ मिलिमीटर दबतं. म्हणजे ५० हर्ट्झ. नेमका बासच्या मधोमध! असं बटण ७० हर्ट्झच्या खाली काहीच अडवत नाही, आणि ५० च्या आसपास थरथर वाढवूनच देतं. प्रत्यक्षात रबर हलताना आणखी कडक वागतं, त्यामुळे हा आकडा वरच जातो. महागड्या पाकिटावर काहीही छापलेलं असो, वस्तू दबत नसेल तर ती अडवतही नाही. आणि फार दबली तर उंच स्पीकर डुलायला लागतो. सगळा खेळ या दोघांच्या मधला.

शेजाऱ्यांचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे फसवणूक जास्त होते. बास खाली जातो तो दोन वाटांनी. एक वाट स्पीकरच्या पायातून, दुसरी हवेतून. खोलीतली हवा स्लॅबच्या आणि भिंतींच्या सगळ्या पृष्ठभागावर दाब देते आणि पलीकडच्या घरात तेच वाजतं. पायाखाली तुम्ही काहीही ठेवलंत तरी ही दुसरी वाट उघडीच. सबवूफर जमिनीवर असेल तर मऊ आधाराने पहिली वाट बरीचशी बंद होते, तेवढं जरूर करा. पण रात्री साडेअकराला काकूंची झोप वाचवायची असेल तर खात्रीचा उपाय एकच, बास कमी करणं. त्याला पैसे पडत नाहीत.

स्वतः मोजून बघा

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. मायकेलसनकडे नव्हतं असं यंत्र तुमच्या खिशात आहे. फोनमधला ॲक्सेलेरोमीटर सेकंदाला शेकडो वेळा हालचाल नोंदवतो, आणि जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप ती आलेखात दाखवतं.

दुसऱ्या फोनवरून स्पीकरला ५० हर्ट्झचा सलग सूर द्या. स्पीकर अगदी छोटा असेल तर ६० किंवा ७० चा. मोजणारा फोन स्पीकरशेजारी टेबलावर ठेवा आणि ॲक्सेलरेशन स्पेक्ट्रममध्ये त्या सुराचं शिखर किती उंच आहे ते लिहून ठेवा. मग आवाज तोच ठेवून स्पीकरखाली घडी केलेला टॉवेल घाला, पुन्हा मोजा. मग स्पंज. घरात कडक रबर असेल तर तेही. शेवटी फोन जमिनीवर ठेवून हेच पुन्हा करा. फोन जमिनीवर असताना आधार बदलूनही शिखर जवळपास तेवढंच राहत असेल, तर तुमच्या घरात जमीन हा प्रश्नच नाही. ते पैसे दुसऱ्या कशात तरी घाला.

विल्चरने स्प्रिंग लावली कारण त्याच्यापुढे सुई होती. ब्रिटिशांनी टोकं लावली कारण त्यांच्या पायाखाली गालिचा होता. तुमच्या पायाखाली काय आहे आणि दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे बघायला दहा मिनिटं लागतील. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका. वाड्यात किंवा चाळीत लाकडी जमिनीवर राहणारं कुणी असेल, तर तुमचे आकडे मला सगळ्यात आधी हवेत.

पुढच्या भागात भेटू. तोवर आवाज जरा बेतानेच!